पॅरिसचे के ब्रांली संग्रहालय: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पॅरिसला गेलेले आपल्याकडचे प्रवासी आयफेल टॉवर पाहतात, लूव्रच्या रांगेत उभे राहतात आणि सेन नदीत बोटीने फिरून येतात. पण आयफेल टॉवरपासून पायी दहा मिनिटांच्या आत, त्याच नदीकाठी असलेले के ब्रांली संग्रहालय बहुतेकांच्या यादीत नसते. आफ्रिका, आशिया, ओशनिया (म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे) आणि अमेरिका या चार खंडांतील लोकसमूहांच्या मूर्ती, मुखवटे, वस्त्रे, वाद्ये आणि रोजच्या वापरातील वस्तू येथे एकाच छताखाली पाहायला मिळतात. जे जातात, त्यांच्यापैकी अनेकजण तासाभरात बाहेर येतात आणि सांगतात की आत फार अंधार होता, सुरुवात कुठून करावी ते कळले नाही आणि पाहिलेले काही लक्षात राहिले नाही. या तक्रारी खऱ्या आहेत, पण थोडी पूर्वतयारी केली तर त्या टळतात. मी या संग्रहालयात पुन्हा पुन्हा जात आलो आहे आणि ओळखीच्या अनेकांना तेथे घेऊन गेलो आहे. त्या अनुभवावरून पुढील टप्पे लिहीत आहे.

१. जाण्याआधी इतिहास थोडा तरी वाचून जा

हे संग्रहालय जून २००६ मध्ये सुरू झाले. ते उभारावे हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांचा आग्रह होता, म्हणून २०१६ पासून संस्थेच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. इमारत झां नूवेल या वास्तुविशारदाने बांधली. संग्रह मात्र इमारतीपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचा मोठा भाग १८७८ मध्ये स्थापन झालेल्या, पॅरिसमधीलच त्रोकादेरोच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयातून, तेथून पुढे १९३० च्या दशकात निघालेल्या मानव संग्रहालयाकडे आणि अखेर येथे आला. दुसरा मोठा भाग पोर्त दोरे येथील राजवाड्यासारख्या इमारतीतून आला, आणि ती इमारत १९३१ च्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी बांधलेली होती.

एवढे माहीत असले म्हणजे पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. संग्रहात सुमारे ३,७०,००० वस्तू आहेत आणि त्यांतील साधारण ३,५०० मांडलेल्या असतात. यातील पुष्कळ वस्तू फ्रेंच साम्राज्याच्या काळात सैनिक, अधिकारी, धर्मप्रचारक आणि संशोधक यांनी आणलेल्या आहेत. समोरची मूर्ती सुंदर आहे आणि ती येथे कशी आली हा प्रश्न अवघड आहे, या दोन्ही गोष्टी मनात एकत्र ठेवूनच आत जायला हवे.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वस्तूंची सूची छायाचित्रांसह खुली आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्यातून पाच-सात वस्तू निवडा आणि त्या सध्या मांडलेल्या आहेत का, हे तेथेच तपासून घ्या. कापड, कातडे, पिसे यांच्या वस्तू प्रकाशाने खराब होतात, त्यामुळे त्या अधूनमधून आत ठेवून त्यांच्या जागी दुसऱ्या मांडल्या जातात.

२. वार आणि वेळ ठरवा

संग्रहालय सोमवारी बंद असते. शाळांच्या सुट्ट्यांतील काही सोमवार अपवाद असतात. मंगळवार ते रविवार सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात आणि गुरुवारी रात्री दहापर्यंत ते उघडे असते. १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशी सुट्टी असते. पॅरिसमधील लूव्र आणि आणखी काही मोठी संग्रहालये मंगळवारी बंद असतात, सोमवारी नव्हे. कार्यक्रम आखताना येथे हमखास गोंधळ होतो.

माझ्या मते गुरुवारची संध्याकाळ सर्वांत चांगली. शाळांच्या सहली निघून गेलेल्या असतात, आणि दिवसभर बाहेर फिरून झाल्यावरही शांतपणे दोन-अडीच तास मिळतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशी गर्दी इतकी असते की पाट्या वाचणे कठीण होते. पैसे वाचवणे निकडीचे नसेल, तर पहिल्या भेटीसाठी तो दिवस टाळा.

३. तिकीट आणि सोबतची कागदपत्रे

पूर्ण तिकीट १४ युरोच्या आसपास आहे. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर ताजा दर पाहा आणि तेथूनच काढा. पॅरिस म्युझियम पास (अनेक संग्रहालयांसाठीचे एकत्र तिकीट) येथे चालतो. १८ वर्षांखालील मुलांना, मग ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे. १८ ते २५ वयोगटासाठी विनामूल्य प्रवेश युरोपीय संघातील रहिवाशांना मिळतो. तेथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर शिकणारे आपले विद्यार्थीही रहिवासी म्हणून त्यात बसतात, मात्र वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या तरुणांना ही सवलत मिळत नाही.

सोबत हे असू द्या:

- तिकीट किंवा पास, मोबाइलवर आणि शक्य असल्यास कागदावरही
- पासपोर्टची प्रत. सवलत घ्यायची असेल तर वयाचा आणि वास्तव्याचा मूळ पुरावा
- अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास ते. सवलतीबाबत तिकीट खिडकीवर विचारा
- फ्रेंच भाषा उतरवून घेतलेले भाषांतराचे अ‍ॅप, कारण आत नेटवर्कवर भरवसा ठेवता येत नाही आणि बऱ्याच पाट्यांवर सविस्तर मजकूर फ्रेंचमध्ये असतो
- स्वतःचे इअरफोन
- लहान वही आणि पेन्सिल
- वाचायचा चश्मा, जो येथे खरोखर लागतो

प्रवासाच्या बॅगा घेऊन जाऊ नका. दारात तपासणी होते आणि मोठे सामान आत घेत नाहीत. विमान पकडण्यापूर्वी जाता जाता संग्रहालय पाहून घेऊ, असा बेत येथे जमत नाही.

४. पोहोचणे आणि आत शिरणे

सर्वांत जवळचे स्थानक उपनगरी रेल्वेच्या सी मार्गावरील पों द लाल्मा हे आहे. मात्र या मार्गावर उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी काही आठवडे गाड्या बंद ठेवतात. तेव्हा मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाने आल्मा-मार्सो किंवा येना येथे उतरा आणि पूल ओलांडून चालत या. येनाहून आलात तर दबीयी नावाचा फक्त पादचाऱ्यांसाठी असलेला पूल थेट संग्रहालयासमोर आणतो. आयफेल टॉवरकडून चालत येणाऱ्यांनी खिसे सांभाळावेत. हातात कागद घेऊन सही मागणाऱ्या टोळक्यांजवळ थांबू नये. सही करेपर्यंत पाकीट गेलेले असते.

नदीच्या बाजूला सुमारे २०० मीटर लांब आणि १२ मीटर उंच काचेची भिंत आहे. तिच्यामागे जील क्लेमां यांनी आखलेली बाग आहे आणि मुख्य इमारत त्या बागेवर खांबांवर उभी आहे. नवख्या माणसाला दार सापडत नाही ते यामुळेच: काचेच्या भिंतीतून बागेत शिरायचे, वळणदार वाटेने आत चालायचे आणि मग इमारतीखाली पोहोचायचे. तिकीट खिडक्या बागेतच आहेत. शेजारच्या कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर पात्रिक ब्लां यांनी उभी लावलेली हिरवळ आहे, सुमारे ८०० चौरस मीटरची. बागेत फिरायला तिकीट लागत नाही. कोणाची वाट पाहायची असेल तर ती येथे पाहावी.

५. चढणीच्या वाटेवर घाई करू नका

आत गेल्यावर लगेच वस्तू दिसत नाहीत. एक लांब, पांढरी, वळणे घेत वर जाणारी चढण लागते आणि तिच्या जमिनीवर चार्ल्स सँडिसन यांच्या कलाकृतीतील शब्द प्रकाशाने वाहत असतात. ते शब्द म्हणजे संग्रहातील लोकसमूहांची आणि ठिकाणांची नावे आहेत. बहुतेक लोक भराभर चालून पुढे जातात. तुम्ही मात्र वाटेतल्या काचेच्या गोल मनोऱ्याजवळ थांबा. त्यात सुमारे १०,००० वाद्ये साठवलेली आहेत. हे भांडार आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. काचेला डोळे लावून फडताळांवरचे ढोल, शिंगे आणि तंतुवाद्ये पाहावी लागतात. संग्रहालयांची कोठारे एरवी नजरेआड असतात. मांडलेल्या वस्तूंच्या मागे केवढा साठा पडून आहे, याची कल्पना येथे जितकी येते तितकी इतर कोठे येत नाही.

६. मुख्य दालनात दोनच खंड निवडा

चढण संपली की तुम्ही एका विशाल, जवळजवळ अखंड दालनात येता. खोल्या नाहीत, क्रमाने जायचे बाण नाहीत आणि प्रकाश मंद आहे. डोळे सरावायला चार-पाच मिनिटे द्या. सुरुवातीलाच पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातला एक उंच लाकडी पुतळा आहे, १ मीटर ९१ सेंटीमीटरचा, एक हात वर केलेला. तो दहाव्या-अकराव्या शतकातला मानतात. छातीवर स्त्रीचे स्तन आहेत आणि हनुवटीला दाढी आहे. लाकूड इतकी शतके टिकले हेच मोठे नवल आहे. त्याच्या भोवती पूर्ण फेरी मारून मग पुढे जा.

दिशा समजण्यासाठी जमिनीचा रंग पाहा. ओशनिया तांबड्या, आशिया नारिंगी, आफ्रिका पिवळ्या आणि अमेरिका निळ्या जमिनीवर आहे. मधून चामड्याने मढवलेली एक ठेंगणी, नागमोडी भिंत जाते. तिच्यात बसायच्या जागा, छोटे व्हिडिओ-पडदे आणि हाताने चाचपून पाहण्याची उठावचित्रे आहेत. दृष्टी अधू असलेल्यांना तिचा मोठा आधार होतो. पाय दुखू लागले तर इतरांनीही तेथेच टेकावे.

चारही खंड एका भेटीत पाहण्याचा हट्ट धरू नका, कारण मग शेवटी डोक्यात फक्त मुखवट्यांची रांग उरते. पहिल्या भेटीत दोनच खंड निवडा. माझी शिफारस ओशनिया आणि आफ्रिकेची आहे, कारण या दोन्हींचे इतके समृद्ध संग्रह भारतात पाहायला मिळत नाहीत. ओशनियात न्यू आयर्लंड बेटावरची, मृतांच्या विधींसाठी कोरलेली मलांगन शिल्पे पाहा. माशाच्या तोंडातून पक्षी आणि पक्ष्याच्या पंखातून माणूस निघतो, इतकी ती गुंतागुंतीची आणि नाजूक असतात, आणि विधी झाला की ती सोडून दिली जात किंवा नष्ट होऊ दिली जात. जे टिकवण्यासाठी केलेच नव्हते, ते येथे काचेत टिकले आहे.

आफ्रिकेच्या बाजूला, नदीकडच्या भिंतीला, लहान-लहान कोठड्या आहेत. बाहेरून पाहिले तर याच कोठड्या इमारतीतून पुढे आलेल्या रंगीत पेट्यांसारख्या दिसतात. त्यांची दारे अंधारात लक्षात येत नाहीत आणि पुष्कळ लोक त्या न पाहताच पुढे जातात. प्रत्येक कोठडीत एकच विषय असतो, म्हणून थकलेल्या डोळ्यांना ती जागा बरी वाटते. शोधून आत जा.

फोटो काढता येतात, पण फ्लॅश वापरता येत नाही. काही तात्पुरत्या प्रदर्शनांत फोटोलाच बंदी असते, तेथील सूचना पाहा.

७. पाटीवरचा क्रमांक वाचायला शिका

या लेखातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे. प्रत्येक वस्तूच्या पाटीवर समूहाचे नाव, प्रदेश, काळ आणि सामग्री यांच्यानंतर, अगदी बारीक अक्षरांत, ती कोणी दिली आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, हे छापलेले असते. बरेचदा पाटी वस्तूखाली नसून काचपेटीच्या कडेला असते आणि एकाच पाटीवर अनेक वस्तूंची माहिती असते. तेथवर कोणी जात नाही. सातबाऱ्याचा उतारा वाचता येणाऱ्या माणसाला जमिनीच्या तुकड्याबद्दल जसे बरेच काही कळते, तसे या क्रमांकावरून वस्तूबद्दल कळते.

पहिले दोन अंक वस्तू कोणत्या संग्रहातून आली ते सांगतात. ७१ म्हणजे त्रोकादेरो आणि मानव संग्रहालय यांची परंपरा. ७२ ते ७५ या मालिका पोर्त दोरेकडून आलेल्या आहेत. ७० म्हणजे के ब्रांलीने स्वतः मिळवलेली वस्तू. त्यानंतर वर्ष येते, मग त्या वर्षातील दात्याचा किंवा मोहिमेचा अनुक्रमांक आणि शेवटी वस्तूचा क्रमांक. वर सांगितलेल्या मालीच्या पुतळ्याचा क्रमांक ७०.२००४ असा सुरू होतो, म्हणजे तो २००४ मध्ये नव्या संग्रहालयासाठी घेतला.

आता ७१.१९३१.७४ अशी सुरुवात असलेली वस्तू शोधा. ही मालिका १९३१ ते १९३३ या काळात मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिऑल यांच्या नेतृत्वाखाली डाकारपासून जिबूतीपर्यंत आफ्रिका ओलांडणाऱ्या मोहिमेची आहे. मोहिमेने साडेतीन हजारांहून अधिक वस्तू आणल्या. त्यांत मालीमधील कोनो पंथाच्या देवस्थानातून उचललेली, रक्त आणि मातीच्या थरांनी घडलेली पूजावस्तू आहे, आणि ती गावकऱ्यांच्या मनाविरुद्ध कशी घेतली गेली हे मोहिमेचा चिटणीस मिशेल लेरिस याने आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले आहे. इथिओपियातील गोंदार येथल्या चर्चमधील भिंतिचित्रे याच मोहिमेने उतरवून आणली आणि त्यांच्या जागी मोहिमेतील चित्रकाराने केलेल्या नकला लावल्या. या चित्रांतील मोठ्या डोळ्यांच्या संतांपुढे मी नेहमी बराच वेळ थांबतो. ती पाहताना आनंद आणि अस्वस्थता दोन्ही वाटतात, आणि दोन्ही योग्य आहेत.

काही क्रमांक आता येथे सापडणार नाहीत. ७१.१८९३.४५ आणि ७१.१८९५.१६ या मालिकांत दाहोमे राज्याच्या (आजच्या बेनिन देशातील) आबोमे राजवाड्यातून १८९२ च्या युद्धात फ्रेंच सेनानी दॉद्स याने नेलेल्या वस्तू होत्या: राजांचे प्रतीकात्मक पुतळे, सिंहासने, राजवाड्याची दारे. डिसेंबर २०२० मध्ये फ्रेंच संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा २६ वस्तू बेनिन देशाकडे परत गेल्या. त्याआधी, २०१२ मध्ये, गोंदवलेली २० माओरी मस्तके न्यूझीलंडला सोपवण्याचा समारंभ याच संग्रहालयात झाला. फ्रान्समध्ये राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तू कायद्याने अहस्तांतरणीय असते, म्हणून या दोन्ही परताव्यांसाठी विशेष कायदे करावे लागले. तेथील कर्मचाऱ्यांना याबद्दल विचारायला संकोचू नका. ते मोकळेपणाने बोलतात.

ज्या वस्तूपुढे मन रमेल तिचा क्रमांक वहीत लिहून घ्या किंवा पाटीचा वेगळा फोटो काढा. तो सूचीत टाकला की मोठे छायाचित्र, मापे आणि दात्याचे नाव घरबसल्या मिळते.

८. भारत येथे कितपत आहे

आशियाच्या विभागात भारतातील वस्त्रे, दागिने आणि लोकजीवनातील वस्तू आहेत, पण अजिंठा-वेरूळच्या तोडीची शिल्पे येथे शोधू नका. आशियातील अभिजात कला नदीपलीकडच्या गिमे संग्रहालयात आहे.

आपल्या दृष्टीने एक महत्त्वाचा धागा मात्र आहे. २०१० मध्ये के ब्रांलीने भारतातील आदिवासी कलावंतांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले होते. ज्योतींद्र जैन त्याचे संयोजक होते आणि त्यात डहाणू भागातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे होती. पांढऱ्या ठिपक्यांनी विणलेले त्यांचे मासेमारीचे जाळे पाहिले असेल, तर ओशनिया विभागातील ऑस्ट्रेलियन आदिवासींची झाडाच्या सालीवरची चित्रे वेगळ्या डोळ्यांनी पाहाल. दोन्हीकडे बारीक रेघा आणि ठिपके यांनी सारा पृष्ठभाग हलता केलेला असतो, आणि दोन्हीकडे ही कला आधी विधीची होती, विकण्याची नव्हे. डहाणू-जव्हारकडच्या घरांच्या भिंतींवरचा लग्नाचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक जाणवेल.

९. मुले आणि वयस्कर सोबत असतील तर

चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट आहे, चढणच चढावी लागेल असे नाही. मंद प्रकाश आणि जमिनीचे सौम्य चढउतार यांमुळे वयस्कर मंडळींनी हात धरून चालावे. काही मुखवटे आणि मातीने लिंपलेल्या कवट्या पाहून लहान मुले घाबरतात. त्यांना आधी वाद्यांच्या मनोऱ्याकडे न्या. दीड तासाहून अधिक काळ मुलांना आत ठेवू नका. नंतर बागेत सोडा.

१०. बाहेर पडल्यावर

युनिव्हर्सिटी रस्त्याच्या बाजूने बाहेर या आणि त्या बाजूच्या इमारतीच्या आतल्या छतांकडे वर पाहा. ऑस्ट्रेलियातील आठ आदिवासी कलावंतांचे काम या इमारतीत कायमचे उतरवलेले आहे. जॉन मावर्नजुल आणि जुडी वॉटसन त्यांतलेच. संध्याकाळी आतले दिवे लागल्यावर छतावरची चित्रे रस्त्यावरून तिकिटाशिवाय दिसतात. लीना न्याडबी यांचे चित्र २०१३ मध्ये गच्चीवर रंगवले, ते ७०० चौरस मीटरचे आहे आणि जमिनीवरून दिसत नाही. आयफेल टॉवरवर जाणार असाल तर तेथून नदीकाठच्या या गच्चीकडे पाहा. काळ्या पृष्ठभागावरच्या पांढऱ्या खुणा ओळखता येतात.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर के ब्रांली आणि गिमे जोडून पाहा. दोन्हींमध्ये पायी पंधरा मिनिटांचे अंतर आहे आणि दबीयी पुलाने नदी ओलांडता येते. गिमे मंगळवारी आणि के ब्रांली सोमवारी बंद असते, म्हणून ही जोडी बुधवार ते रविवार या दिवसांतच जमते. सकाळी गिमे आणि गुरुवारच्या संध्याकाळी के ब्रांली, असा क्रम ठेवला तर मध्ये जेवायला आणि विसाव्यालाही वेळ मिळतो.